विषय क्रमांक 7 मधले दोन शब्द

मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेला येणारे माझे सगळे गाववाले,

सप्रेम नमस्कार.

ग्रामसभेची नोटीस परवा फळ्यावर वाचली. घरपट्टीची थकबाकी, स्मशानभूमीचं शेड, पाणंद रस्त्याचा मुरूम, आणि मग विषय क्रमांक 7 : 'मुलांच्या अभ्यासाकरिता दररोज सायंकाळी 7 ते 8.30 या वेळेत भोंगा वाजवून गावातील मोबाइल व टीव्ही बंद ठेवणेबाबत विचारविनिमय करणे.' दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्यात, पोरं फोन सोडत नाहीत, म्हणून कुणीतरी हा विषय दिला असणार. ज्याने दिला त्याचे आभार. ठरावाला माझा पाठिंबा आहे, पुढं सांगते त्या सवलती ठेवल्या तर त्या दिवशी मी हात वर करणार आहे. माझी सूचना एवढीच की त्यातले पहिले दोन शब्द खोडावेत. 'मुलांच्या' आणि 'अभ्यासाकरिता'.

का, ते दोन मिनिटांत माईकवर मांडता येण्यासारखं नाही. म्हणून लिहून देते आहे.

मी 31 वर्षं या गावात अंगणवाडी सेविका होते. आजच्या सदस्यांपैकी चार जण माझ्यासमोर मांडी घालून बसायला शिकलेत. तीन ते सहा वर्षांचं मूल घरात जे बघतं तेच खेळात आणतं, हे सेविकेला कुणी शिकवावं लागत नाही. घरात भांडणं असली की भातुकलीत भांडणं होतात. कुणाच्या घरी मयत झाली की दोन-चार दिवस बाहुला मरतो आणि बाकीची पोरं गोल करून रडायला बसतात. मी आईबापांना काही विचारण्याआधी पोरांचा खेळ बघायची. मला घर कळायचं.

मी निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा होता, पटावरची निम्मीच पोरं आली होती. सव्वातीन वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात एकटीच भातुकली खेळत होती. मांडीवर कापडाची बाहुली. उजव्या हाताने झाकणातला खोटा भात तिला भरवत होती. डाव्या हातात कपड्याच्या साबणाचा रिकामा खोका, उभा धरलेला, आणि अंगठा त्याच्यावर खालून वर, खालून वर. नजर खोक्यावर. घास कधी बाहुलीच्या तोंडाला लागत होता, कधी कानाला, कधी गळ्यावर सांडत होता. तिला ते दिसत नव्हतं, कारण ती बाहुलीकडं बघतच नव्हती.

मी विचारलं, "काय करतीस गं?"

"आय झालीया. बाळाला चारतीया."

खरंच होतं ते. आई म्हणजे काय, हे तिने जसं बघितलं होतं तसंच्या तसं उतरवलं होतं. सुट्टी झाल्यावर झाडताना तो खोका मी केरात टाकायला उचलला आणि परत जागेवर ठेवला. तिच्या खेळातून काढून काय उपयोग होता?

हे वाचून त्या मुलीच्या आईचं नाव शोधायला जाऊ नका. तिचा यात दोष नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. विशी ओलांडताच ती लग्न होऊन आपल्या गावात आली. माहेर लांब, दोन एसट्या बदलाव्या लागतात. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नाही; सूनबाई म्हणतात, नाहीतर पोरीचं नाव घेऊन 'तिची आई' म्हणतात. फोनमध्ये तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, तिथं ती अजून तिच्या नावाची आहे. त्या काचेत तिचं माहेर आहे. तिच्या हातातला फोन काढून घ्या म्हणणाऱ्याने आधी तिला घरात नावाने हाक मारावी.

पण मुलीचंही खरं आहे. तिचा घास गळ्यावर सांडत होता.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला होता. आईने तान्ह्या बाळाशी नेहमीसारखं बोलायचं, हसायचं, आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळासमोरच बसायचं, पण चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. बाळ आधी हसून दाखवतं. मग हात पुढं करतं, बोट दाखवतं, ओरडतं. काहीच चालत नाही म्हटल्यावर मान फिरवतं आणि मिटून जातं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. त्या काळी मोबाइल नव्हते. मी याबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या गावातले ओटे आठवले. फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचा चेहरा कधी बाजूला उभं राहून बघा. तो रागावलेला नसतो, दुःखी नसतो, कोरा असतो. समोर बसलेल्याला त्यातून काहीच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, आणि त्यापुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आम्ही सेविका हे घरोघर सांगत फिरलो. पण हे सगळं मुलाच्या हातातल्या फोनबद्दल झालं. आईबापाच्या, आजी-आजोबाच्या, सेविकेच्या हातातल्या फोनचे तास कुणी मोजायला सांगितले नाहीत. आपण कोण आहोत, आपण आवडतो का, आपण हाक मारली तर कुणाला ऐकू जाते का, हे मूल आरशात बघून शिकत नाही, माणसाच्या चेहऱ्यावर बघून शिकतं. आणि मी आता साठी ओलांडल्यावर सांगते, ही गरज पाच वर्षांची झाल्यावर संपत नाही. म्हणून 'मुलांच्या' हा शब्द खोडा म्हणते.

आपल्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. भोंग्याची कल्पना तिथली, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. पण ती कशी झाली ते फारसं कुणी सांगत नाही. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर आल्या आणि शाळा उघडल्यावरही पोरं फोनमधून बाहेर येईनात, म्हणून 14 ऑगस्ट 2022 ला तिथं गावातल्या बायकांची सभा घेतली. बायकांनी ठरवलं की भोंगा आणायचा. मग आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर गेले, लोकांना समजावलं. देवळावर भोंगा बसला. सात वाजता वाजतो, साडेआठला परत वाजतो. साधारण तीन हजार वस्तीचं गाव, शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. तिथं घरातल्या सगळ्यांनी बंद ठेवायचं ठरलं. पोरं वाचतील, लिहितील, आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलतील. पोरांना एका खोलीत कोंडून बाकीच्यांनी बाहेर मालिका बघायची, असं ते नाही. आपल्या नोटिशीत वडगावचा भोंगा आला आहे, वडगावचा विचार अर्धाच आला आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच बंदी केली. त्यांची कळकळ मला समजते, पण तो रस्ता आपण धरू नये. बंदीचं काय होतं, ते गुजरातेत दिसलं आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावात फेब्रुवारी 2016 मध्ये लग्न न झालेल्या मुलींना मोबाइल बंद केला. मुलांना नाही, फक्त मुलींना. आपल्याकडंही बंदी आली की ती आधी मुलीवर येणार, भावाचा फोन खिशातच राहणार, हे आपण सगळे मनातून ओळखून आहोत. शाळा बाहेरगावी असणाऱ्या मुलीच्या दप्तरातला फोन ही तिची सोबत असते. दंड, जप्ती, बंदी यातला एकही शब्द ठरावात येऊ नये.

आता मोठ्यांचं सांगते. नावं लिहिणार नाही, ज्यांचं आहे त्यांना कळेल, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.

दोन सख्ख्या जावा. वीस वर्षं एका भिंतीला राहिल्या, मग धाकटीचं घर शेतात वस्तीवर गेलं. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला थोरलीने धाकटीला व्हॉट्सॲपवर हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही, आणि धाकटी आलीही नाही. थोरलीला वाटलं, वाचून गप्प बसली. धाकटीला वाटलं, सगळ्यांना बोलावलं आणि मला नाही. वर्षभर बोलणं बंद. शेवटी उपकेंद्रात बीपी तपासायच्या रांगेत एकमेकींच्या पुढं-मागं उभ्या राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी आल्यावर विषय निघाला. बोलावणं आलं त्या दिवशी धाकटीचा फोन नातवाच्या हातात होता. खेळता खेळता त्याने मेसेज उघडला आणि पुढं गेला. ती निळी खूण नातवाची होती.

व्हॉट्सॲपने ही खूण नोव्हेंबर 2014 मध्ये आणली. त्याआधी आपल्याकडं बोलावणं कसं जायचं? उंबऱ्यावर जाऊन, कपाळाला कुंकू टेकवून. बोलावणं पोचलं की नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. 'जमणार नाही गं, ह्यांना बरं नाही' म्हणाली तरी राग यायचा नाही, कारण म्हणताना तिचा आवाज ऐकलेला असायचा. खूण फक्त वाचलं म्हणून सांगते. वाचणाऱ्याच्या मनात काय आलं ते आपण आपल्या मनाने भरतो, आणि एकट्या बसलेल्या माणसाच्या मनात चांगलं सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट द्राक्षबागेची. मागच्या हंगामात अवकाळीने एका घराचा तयार माल गेला. मणी तडकले, घडात पाणी बसलं, व्यापारी दारात येऊन परत गेला. त्याच दिवशी बागवाल्याच्या पुतण्याचा वाढदिवस होता आणि बागवाल्याच्या स्टेटसला केक कापतानाचा फोटो होता. मी तो बघितला. गावातल्या शंभरावर लोकांनी बघितला. चाललंय बरं, असं मनात म्हणून मी पुढच्या फोटोवर गेले. दीड महिन्याने त्याने ट्रॅक्टर विकला तेव्हा मला कळलं. मी घरी गेले. तो म्हणाला, "काकू, स्टेटस सगळ्यांनी बघितलं. बागेत कुणी आलं नाही."

आपल्या भाषेत विचारपूस असा एक शब्द आहे. विचारणं आणि पुसणं. त्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. स्टेटसला कुठं जावं लागत नाही. माणूस न भेटता भेटल्यासारखा वाटतो, आणि पायाला जाण्याची जी ओढ असते ती तिथंच भागते. आपण दुष्ट झालो नाही. खोटं समाधान मिळतं म्हणून खरं काम राहून जातं. श्रद्धांजलीचंही तसंच झालं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा भाकरी-पिठलं घेऊन जाणारी घरं आपल्या भावकीत किती उरली, ते ज्याचं त्याने मोजावं.

आणि तिसरी, एक कॉलेजात जाणारी मुलगी. तीही माझ्याच अंगणवाडीतली. कुठल्यातरी फॉर्मला फोटो हवा होता म्हणून माझ्या साध्या फोनवर मी तिचा फोटो काढला. उजेड चांगला होता, फोटो छान आला होता. तिने बघितला आणि म्हणाली, "काकू, ही मी नाही." मला वाटलं लाजते आहे. तसं नव्हतं. तिच्या फोनमध्ये फोटो निघतानाच रंग उजळतो, कातडी गुळगुळीत होते, नाक बारीक होतं. तीन-चार वर्षं ती रोज तोच चेहरा आपला म्हणून बघते आहे. मी तिला पाळण्यात असल्यापासून ओळखते, तिच्या हनुवटीवरचा व्रण माझ्यासमोर झालेला आहे, पडवीच्या पायरीवर पडली तेव्हाचा. तिच्या फोनमधल्या फोटोत तो व्रण नाही. जिथं लग्नाच्या बायोडेट्यात अजून 'गोरी' लिहितात, तिथं सावळ्या पोरीला हे यंत्र रोज काय सांगतं, याचा विचार मला झोपू देत नाही.

हे एका पोरीच्या मनाचे खेळ नाहीत. 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीच्या आतले कागद बाहेर आणले. त्यात कंपनीचीच पाहणी होती : आपल्या अंगकाठीबद्दल आधीच मनात खंत असलेल्या मुलींपैकी दर तीनपैकी एकीची खंत इन्स्टाग्राममुळे वाढते. कंपनीला ठाऊक होतं.

पडद्यावरचं पान कधी संपूच नये, बोट सरकवत राहावं, ही युक्ती 2006 साली एझा रास्किन नावाच्या तरुण इंजिनिअरने बसवली, आणि पुढं त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप केला. वर्तमानपत्र संपतं, पारायण संपतं, कीर्तन संपतं, गावची यात्रासुद्धा संपते. हे संपत नाही, कारण न संपण्यासाठीच बनवलं आहे. 2009 मध्ये फेसबुकवर लाइकचा अंगठा आला, आणि माणसाला आपली किंमत आकड्यात दिसायला लागली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर हे सगळं स्वस्त होऊन आपल्या पारावर आलं. मार्च 2020 नंतर शाळेसाठी म्हणून लोकांनी शेळ्या विकून फोन घेतले. म्हणजे फोन आपण हौसेने आणि गरजेने, दोन्हीने आणला. पण आपल्या समोर जगातली हुशार माणसं बसली आहेत, आणि आपलं लक्ष जितका वेळ तिथं राहील तितका त्यांचा धंदा. एकट्या पोराने, एकट्या आईने मनाचा निश्चय करून त्यांच्याशी लढावं, असं म्हणणं बरोबर नाही. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली, तेव्हा दंड पोराला नाही, आईबापालाही नाही, कंपनीला लावला. तेवढी ताकद ग्रामसभेत नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी फोन खाली ठेवायचा, ही ताकद आहे. एकट्याने बंद केला तर तो ग्रुपमधून मागं पडतो. सगळ्यांनी केला तर कुणीच मागं पडत नाही. भोंग्याचं खरं काम हेच आहे.

गावाच्या ठरावाने माणसांतलं नातं बदलतं, हेही आपण बघितलेलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला स्वतःला त्या बातमीने किती धीर आला होता, ते माझ्या वयाच्या बायकांना सांगावं लागणार नाही.

आता ठरावात ज्या सवलती असाव्यात त्या सांगते. याच्याशिवाय मी हात वर करणार नाही.

वरच्या आळीत एक मुलगा आहे, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो निवासी शाळेत राहून हातवाऱ्यांची भाषा शिकून आला. आपल्या गावात ती भाषा येणारं दुसरं कुणी नाही. त्याच्या आईलाही चार-पाच खुणांपलीकडं येत नाही. संध्याकाळी तो फोन भिंतीला टेकवून ठेवतो आणि शाळेतल्या मित्रांशी व्हिडिओवर बोलतो. मी एकदा दारातून बघितलं. दोन्ही हात, भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. दिवसभर गावात खाली मान घालून फिरणारा तो हाच मुलगा यावर माझा विश्वास बसेना. त्याला भोंगा ऐकूच येणार नाही. कुणी जाऊन त्याचा फोन बंद केला तर आपण त्याची जीभ बांधल्यासारखं होईल. तो दीड तास त्याचाच राहिला पाहिजे. आणि जमलं तर आपल्यातल्या चार पोरांनी त्याच्याकडून ती भाषा शिकावी. तो शिकवायला तयार आहे, मी त्याच्या आईकरवी विचारलं आहे.

ओढ्यापलीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं पडली आहेत. बीडकडची माणसं. फडातून यायला त्यांना सहा-सात वाजतात, चूल पेटवून झाली की गावी आजीजवळ ठेवलेल्या पोरांना फोन करतात. पोरं नऊला झोपतात. आपला भोंगा त्यांच्यापर्यंत ऐकू जाईल आणि ते बिचारे घाबरून फोन बंद करतील. कुणीतरी आधी जाऊन त्यांना सांगायला हवं की हे तुमच्यासाठी नाही.

पाण्याच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचं, दवाखान्याचं, कुणी आजारी असलेल्या घराचं वेगळं सांगत नाही, ते ओघाने आलंच.

वेळेबद्दल एक. सात ते साडेआठ ही घरातल्या बाईची चुलीपुढची वेळ आहे. डेअरीला दूध घालून आलेली असते, भाकरी थापायच्या असतात, आणि कानावर एखादी मालिका असते तेवढीच तिची करमणूक. ती बंद करून तिला आपण काय देणार? टीव्ही बंद, घरातली माणसं पारावर, आणि ती एकटी तव्यापुढं, असं झालं तर बायका आठ दिवसांत भोंगा बंद पाडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. त्या दीड तासात घरातले पुरुष आणि पोरं स्वयंपाकघरात येऊन बसणार असतील तर भोंग्याला अर्थ आहे. भाजी निवडा, लसूण सोला, नाहीतर नुसतं बसा आणि बोला. हे ठरावात लिहिता येत नाही, मला माहीत आहे. म्हणून विषय आधी महिलांच्या ग्रामसभेत घ्यावा. ग्रामसभेच्या आधी ती घेण्याची तरतूदच आहे. दरवेळी सह्या घेऊन उरकतो तशी ती यावेळी उरकू नका. वडगावला सुरुवात तिथूनच झाली.

मी अभ्यासाच्या विरोधात नाही. पोरं शिकावीत म्हणून मी आयुष्य घातलं. पण 'अभ्यासाकरिता' लिहिलं की निकाल लागल्यावर भोंगा धूळ खात पडेल, आणि ज्या घरात शिकणारं पोर नाही ते घर म्हणेल, आमचा काय संबंध. आपल्या गावात निम्म्या घरांत आता नुसती म्हातारी माणसं आहेत. माझ्याही घरात. पोरगा पुण्याला, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मला त्याचा चेहरा दिसतो आणि कोपऱ्यात माझाही दिसतो, आणि मी बोलता बोलता स्वतःचा पदर नीट करत राहते. जन्मभर कुणाशी बोलताना मला माझा चेहरा दिसला नव्हता. तो रविवारचा कॉल मला हवाच आहे, त्याच्यावाचून मी राहू शकणार नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मला कुणीतरी समोर बसलेलं हवं आहे, एवढंच.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातं ते लिहिते.

शेवटच्या काही वर्षांत आमच्या नोंदी रजिस्टरमधून फोनवर आल्या. वजन, उंची, आहार, हजेरी, सगळं फोनमध्ये. मी उशिरा शिकलेली, मला वेळ लागायचा, म्हणून रात्री जेवण झाल्यावर भरत बसायची. काम झाल्यावरही फोन हातातच राहायचा. कुणाचं काय आलं, कुणी काय पाठवलं. कामाचं निमित्त होतं, सवय माझी होती. एका रात्री मालक कॉटवर बसून बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगत होते. ते तेव्हा पंधरा वर्षांचे. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत, पाण्याच्या वासाने गेलेला कुणाचा तरी बैल पडला. विहिरीत पाणी नव्हतंच, नुसता गाळ, आणि बैल जिवंत. सगळं गाव दोर घेऊन धावलं. ते सांगत होते आणि मी "हं, हं" करत होते. मध्येच ते थांबले. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्यांनी दिवा घालवला.

त्याला आठ महिने झाले आणि ते गेले. तेव्हाही आजारपणात मी विचारायचं म्हणत होते, पण दुखण्यातल्या माणसाला बैलाचं काय विचारायचं, म्हणून राहिलं.

ठरावाचा मसुदा मी लिहून ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं वेगळा दिला आहे : 'दररोज सायंकाळी 7 ते 8.30 गावातील सर्वांनी, लहानथोरांनी, मोबाइल व टीव्ही बंद ठेवून एकमेकांसोबत बसावे. यात कोणतीही सक्ती अथवा दंड राहणार नाही.' सवलतींची यादी मागं जोडली आहे. भोंग्याच्या वर्गणीचे पाचशे रुपये माझे, पावती करून ठेवा.

आणि ज्यांना बहात्तर सालचं आठवतं अशी जी माणसं गावात आहेत, त्यांना या पत्रातून विचारते. तुम्हाला वाचता येत नसेल तर नातवंडांनी हे वाचून दाखवावं. बैल कुणाचा होता? विहिरीत कोण उतरलं होतं? तो वर निघाला का?

आपली,
निवृत्त अंगणवाडी सेविका,
वॉर्ड क्रमांक 2, मारुतीच्या देवळामागं